एकदाच वापरलेले कार्बन

टीचर, तुमच्या हातच्या जाड सिंधी पोळीची, कोकीची, आठवण काढून सुरुवात करावी असं मनात होतं. पण ते म्हणजे आधी गोड बोलून मग मुद्द्यावर येणं झालं आणि तुम्हाला ते कधी आवडलं नाही. म्हणून आधीच सांगते. तुमची इन्स्टिट्यूट बंद पडली ती माझ्यामुळे. कॉम्प्युटर आले म्हणून नाही आणि तुमचे गुडघे जिना चढू देईनात म्हणूनही नाही. कॉम्प्युटर तर नंतर आले आणि गुडघे आधीपासूनच दुखत होते. तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, मीही रिटायर होऊन घरी बसले आहे आणि आता हे लिहायला घेतलं आहे. आमच्याकडे म्हणतात तसं, करून करून भागला आणि देवपूजेला लागला.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा दहावी होऊन वर्षभर घरी होते. आपल्या गावातल्या वस्त्यांना नुसते नंबर, त्यात आम्ही कॅम्प चारच्या टेकडीवरचे. तुमची इन्स्टिट्यूट कॅम्प तीनच्या बाजारात, खाली जीन्स शिवायचा कारखाना आणि वर तुमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत सात टाइपरायटर, मागच्या खोलीत तुमचा संसार, म्हणजे तुम्ही एकट्या आणि एक स्टोव्ह. खालून शिलाई मशिनींची घरघर यायची, वर आमची खटखट चालायची आणि जिन्यातून कापडाचा निळा भुसा उडून आमच्या केसांत बसायचा. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या गळ्यात एक जुना टॉवेल बांधलात आणि त्याचं दुसरं टोक मशिनवर टाकलंत, म्हणजे मला माझीच बोटं दिसू नयेत. मी टॉवेल हळूच उचलून बघायला गेले तर तुम्ही म्हणालात, "खाली काय बघते बेटा? बटणं पळून जाणार आहेत काय?" तुमचं मराठी तुम्ही आम्हा मुलींकडूनच शिकलेलं. आम्ही हसायचो आणि तुम्हीही हसायचात, पण टॉवेल काही सुटायचा नाही.

एक रागावणं मात्र मला अजून जसंच्या तसं आठवतं. मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेच्या आधीचे दिवस होते. माझं एक पान बिघडलं, मी ते चुरगाळून खिडकीतून खाली टाकलं आणि नवीन लावलं. तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून खाली गेलात, कारखान्याच्या दारातून तो बोळा उचलून आणलात, माझ्या टेबलावर तळहातानं सपाट केलात. "चुकी झाली, ठीक आहे," तुम्ही म्हणालात, "सगळ्यांची होते. पण फेकली कशाला? चुकी झाली तर आपणच आधी बोलायचं. दुसऱ्यानं शोधली ना, मग ती मोठी होते." सगळ्या मुली बघत होत्या. मला इतकी लाज वाटली की मी जेवणाच्या वेळी निघून जायला लागले, तर तुम्ही हात धरून आत नेलंत आणि स्टोव्हवरची गरम कोकी पुढ्यात ठेवलीत. तुमच्याकडे रागावणं आणि जेवायला घालणं यांच्यात फार वेळ जायचा नाही.

नोकरी तुमच्याच शब्दावर लागली. अंबरनाथच्या त्या कंपनीत तुम्ही शिकवलेल्या दोन मुली आधी लागून लग्न होऊन गेल्या होत्या आणि ऑफिस सुपरिंटेंडेंट साहेबांचा तुमच्यावर भरवसा होता. मी रुजू होणार त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला एक उशी दिलीत. खालच्या कारखान्यातल्या जीन्सच्या तुकड्यांची, निळ्याच्या चार छटा जोडून तुम्ही स्वतः शिवलेली. "कंपनीच्या खुर्च्या मर्दांच्या मापाच्या असतात," तुम्ही म्हणालात. "तू बुटकी. वर बसली नाहीस तर मनगट दुखेल." दुसऱ्या दिवशी मी ती उशी खुर्चीवर ठेवून बसले आणि मनगटं खरंच बरोबर उंचीवर आली. अकराच्या सुमारास साहेब येऊन शेजारी उभे राहिले. ते कधी आवाज चढवायचे नाहीत. म्हणाले, "हे घरचं सामान ऑफिसात नको. उद्यापासून आणू नका. चालेल ना?" मी चालेल म्हटलं. त्या शनिवारी तुम्ही विचारलंत, उशी बरी आहे का, तर मी म्हटलं, फार बरी आहे, टीचर. तुमच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. तेव्हा ते खोटं वाटलंही नव्हतं, तुमचं मन राखणं वाटलं होतं.

साहेबांबद्दल मी तुम्हाला थोडं सांगायची, सगळं नाही. त्यांनी आमची टेबलं अशी लावून घेतली होती की आमची पाठ त्यांच्याकडे असावी. मशिनचा आवाज थांबला की ते खोकायचे. खोकला नव्हताच तो, हजेरी होती. बायकांच्या बाथरूमची चावी त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला असायची. जाताना "साहेब, चावी" म्हणायचं, की ते आधी घड्याळाकडे बघायचे आणि मग चावी द्यायचे. परत आलं की पुन्हा घड्याळाकडे. मी दिवसभर पाणी पिणं सोडलं. डब्यात सुकट, बोंबील आणायचे नाहीत, ऑफिसला वास येतो. हे त्यांनी सगळ्यांना उद्देशून सांगितलं, बघितलं मात्र माझ्याकडे. आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस तेच असायचं, म्हणून मी नुसती चपाती आणि चटणी नेऊ लागले. पत्र टाइप करून नेलं की लाल पेन्सिल. मजकुरात चूक नसायचीच, पण समास एक घर डावीकडे हवा, तारीख अर्धं बोट खाली हवी. "पुन्हा करायला तुमची हरकत नाही ना?" एका पत्राचे मी सहा-सहा कागद केले आहेत. सहावा आणि पहिला शेजारी ठेवले तर मलाही फरक सांगता आला नसता. आईजवळ रडले तर आई म्हणायची, "मुकाट्यानं कर बाय. तुज्या एकटीवर चूल पेटतीय." बाबांची कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली होती. त्यामुळे मी मूग गिळून बसायला शिकले आणि ते मला इतकं छान जमलं की साहेब बाकीच्यांना माझा दाखला देऊ लागले.

तुमचा उपाय सोपा होता. "मागे उभा असतो ना, राहू दे. तू मागे नको बघू. कागद बघ. तो माणूस आहे, पाय दुखतील, जाईल." शनिवारी अर्धा दिवस असायचा, मी अंबरनाथहून शेअर रिक्षा धरून थेट तुमच्याकडे यायची, तुम्ही पापड भाजायचात, पाणी द्यायचात आणि मी खिडकीशी बसून गार वारा घ्यायची. त्या दीड-दोन तासांवर मी आठवडा काढत होते. तुम्हाला काहीतरी द्यावं असं फार वाटायचं आणि देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मग माझं लक्ष कार्बनकडे गेलं.

आपल्याकडे कार्बन कागद म्हणजे सोनं. एक कार्बन सात मुलींत फिरायचा. तुम्ही शिकवलं होतं, तो लावण्याआधी खिडकीशी न्यायचा, उजेडाला धरून बघायचा, कुठे शाई गेली आहे आणि कुठे शिल्लक आहे ते. मग असा सरकवून लावायचा की नव्या ओळी जुन्या ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत पडाव्यात. पुढे त्याला डोकं खाली पाय वर करायचं. चाळणी झाली तरच टाकायचा. आणि इकडे साहेबांचा नियम की महत्त्वाच्या पत्राला दर वेळी कोरा कार्बन, एकदा वापरला की चार तुकडे करून टोपलीत. ते तुकडे करताना माझा जीव तुटायचा. शेवटी एक दिवस मी नाही केले. घडी घालून डब्याच्या फडक्यात ठेवला. शनिवारी तुमच्या हातात दिला तेव्हा तुमचा चेहरा खुलला आणि लगेच आखडला. "कुठून आणला?" मी म्हटलं, कंपनी फेकून देते. "फेकलेलं पण त्यांचंच ना," तुम्ही म्हणालात. "साहेबाला विचार. हो बोलला तर आण." तुम्ही तो कार्बन परत माझ्या पिशवीत घातलात.

टीचर, ज्या माणसाकडे बाथरूमची चावी मागायला मला धीर गोळा करावा लागायचा, त्याला मी हे विचारणार होते? पुढच्या शनिवारी मी तीन कार्बन घेऊन आले आणि म्हटलं, विचारलं, घेऊन जा म्हणाले. तुम्ही म्हणालात, "बघ, एवढा वाईट नाही तुझा साहेब," आणि मुलींना हाक मारून ते वाटलेत. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग दर शनिवारी तेच होऊ लागलं. एकदा तर तुम्ही साहेबांसाठी म्हणून माझ्याबरोबर पापडांचं पुडकं दिलंत. ते आम्ही घरी खाल्लं.

तो गुरुवार होता. साहेबांनी दार लावून घेतलं आणि मला हातानं लिहिलेला एक कागद दिला. पॅकिंग खात्यातल्या कोणाकोणाला कमी करायचं त्यांची यादी, वर 'गोपनीय' लिहिलेलं. मी टाइप केली, एक प्रत काढली, दोन्ही त्यांच्या हातात दिल्या. कार्बन हातात राहिला. त्यावर नावं आरशासारखी लख्ख उमटली होती. तो नेऊ नये हे मला कळलं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. कळलं नव्हतं. साहेबांच्या धाकानं मी अशी झाले होते की टाइप करताना अक्षरं दिसायची, माणसं दिसायची नाहीत. कार्बन कोरा करकरीत आहे एवढंच मी बघितलं आणि टीचर खूश होतील एवढंच मनात आलं.

सोमवारी तो कार्बन तुमच्याकडे अंबरनाथहून येणाऱ्या त्या लांब वेणीच्या मुलीच्या वाट्याला आला. तिनं तुम्ही शिकवलं तसंच केलं, खिडकीशी जाऊन उजेडाला धरला. आणि तिला कोऱ्या जागेऐवजी तिच्या वडिलांचं नाव दिसलं. ते आमच्याच पॅकिंगमध्ये होते. मंगळवारी सकाळी मी कंपनीत पोचले तर गेटसमोर सगळी पहिली पाळी बाहेर उभी, कोणी आत जायला तयार नाही आणि यादीतली नावं ज्याच्या त्याच्या तोंडी. दोन दिवसांत मॅनेजमेंटनं यादी मागे घेतली. म्हणजे झालं ते वाईट झालं असंही नाही, टीचर. त्या घरांच्या चुली आणखी काही वर्षं चालल्या. पण मला त्याचं श्रेय नको, कारण त्या दिवशी मला त्या घरांची काळजी नव्हती, माझीच होती.

साहेबांनी आत बोलावलं आणि "बसा" म्हणाले. एवढ्या दिवसांत त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा बसले. म्हणाले, "यादी मला, मॅनेजरना आणि तुम्हाला, तिघांनाच माहीत होती." मग म्हणाले, "वापरलेले कार्बन कुठे जातात?" खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं, मी काही बोलायच्या आधी माझी नजरच डब्याच्या पिशवीकडे गेली. त्यांनी ती पकडली. ओरडले असते तर कदाचित मी खरं बोलले असते. पण ते पुढे झुकले आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमच्या मनानं तुम्ही असं करणार नाही. मला माहीत आहे. कोणी मागितले होते का?" दार उघडून दिलं होतं त्यांनी, मला फक्त त्यातून बाहेर पडायचं होतं. मी म्हटलं, "टीचर मागतात." आणि नको असताना पुढे म्हटलं, "सगळ्याच मुलींना सांगतात, कंपनीतून आणा म्हणून." साहेब मागे टेकले. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं आणि माझी नोकरी राहिली होती. बाहेर येऊन मी चावी मागितली. त्या दिवशी त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही.

मग तुम्हाला ते पत्र आलं. तुमच्याकडच्या मुली यापुढे घेतल्या जाणार नाहीत म्हणून, आणि खाली अंबरनाथ-बदलापूरच्या चार कंपन्यांची नावं, प्रत माहितीसाठी. ते मी टाइप केलं. तुम्ही शिकवलं होतं की पत्राच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात आधी साहेबाची अक्षरं, मग तिरपी रेघ, मग टाइप करणाऱ्याची अक्षरं यायलाच हवीत. मजकूर कोणाचाही असो, कोणाच्या हातून गेला ते कळलं पाहिजे. त्या पत्रावर मी माझी अक्षरं घातली नाहीत. समास एक घर सरकला तर पान परत करणाऱ्या साहेबांना ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी सही केली.

आठवड्यानं तुम्ही कंपनीच्या गेटवर आलात. तुमच्या त्या गुडघ्यांनी, कॅम्प तीनहून, भर उन्हात. वॉचमननं चिठ्ठी आत पाठवली, ती आमच्या नियमाप्रमाणे आधी साहेबांकडे गेली. त्यांनी मला बोलावून चिठ्ठी दाखवली आणि म्हणाले, "भेटायचं असेल तर जाऊन या. पाच मिनिटं." हे तुम्हाला माहीत नाही, टीचर. त्यांनी जा म्हटलं होतं. मीच जागेवर येऊन बसले आणि वॉचमनला निरोप दिला, "सांग, साहेब सोडत नाहीत." माझ्या मशिनपासून गेट दिसायचं नाही, त्यामुळे तुम्ही किती वेळ उभ्या होतात ते मला कळलं नाही. वॉचमन नंतर म्हणाला, "बाई बऱ्या होत्या. म्हणल्या, ठीक आहे, तिला त्रास नको." वरचा माणूस कडक असला की त्याची एक सोय होते. आपला सगळा भित्रेपणा त्याच्या नावावर खपवता येतो, आणि लोक वर आपली कीव करतात. मी पुढे कितीतरी वर्षं अशी कीव गोळा केली. घरी, शेजारी, नात्यात सगळे म्हणायचे, कसल्या माणसाच्या हाताखाली काढते बिचारी.

त्या वर्षी जूनमध्ये तुमच्याकडे दोनच मुली आल्या असं ऐकलं. नोकरी लागणार नसेल तर कोण येणार? दिवाळीच्या आत सातही मशिनं गेली आणि तुम्ही बदलापूरला बहिणीकडे राहायला गेलात. कॅम्प तीनला जायचं असलं तर मी तुमची गल्ली टाळून पलीकडच्या रस्त्यानं जायची. बदलापूर तर कंपनीपासून पुढचंच स्टेशन, पण नाही आले. येईन येईन म्हणत वर्षं गेली. साहेब रिटायर झाले, कार्बन गेले, मशिनं गेली, कॉम्प्युटर आले आणि साहेबांच्या खुर्चीवर होता होता मी बसले. माझ्या हाताखालच्या मुली माझ्या पाठीमागे मला काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे. मी खोकायची नाही, पण त्या जे काही करतील ते मला एकदा तपासून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. त्यांना मी शिकवत होते की छळत होते, हे त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही.

तुम्ही गेल्याचं मला त्या लांब वेणीच्या मुलीनंच सांगितलं. कॅम्प दोनच्या बाजारात भेटली, मुलाचा हात धरून, वेणी कापलेली. मला बघून तिनं मिठीच मारली. म्हणाली, "ताई, टीचर गेल्या ना, महिना झाला. तुला कळलं नाही?" मग रस्त्यात उभ्या उभ्या बोलत राहिली. ती शेवटपर्यंत बदलापूरला जात होती. वडिलांची नोकरी वाचली म्हणून दर दिवाळीला फराळ न्यायची. म्हणाली, "ते लेटर टीचरनी ठेवलं होतं. मला दाखवलं एकदा. बोलल्या, हे माझ्या मुलीनंच टाइप केलंय. डाव्या करंगळीचं अक्षर फिकं पडतं तिचं, मी किती वेळा सांगितलं. बघ, बिचारीच्या हातून करवून घेतलं त्या माणसानं. किती रडली असेल." मी विचारलं, आणखी काय म्हणाल्या? ती म्हणाली, "बोलल्या, तिला कोणी काही बोलू नका, घर तिच्यावर आहे. ते एक वाक्य मात्र त्यांच्या मनाला लागलं होतं. 'जी संस्था मुलींना टायपिंगच्या नावाखाली चोरी शिकवते, तिच्या सर्टिफिकेटला आम्ही किंमत देऊ शकत नाही.' पाठ होतं त्यांना, इंग्लिशमध्ये. बोलायच्या, चांगला शिकलेला माणूस दिसतो, पण काळीज नाही." मी तिच्या मुलाला बिस्किटचा पुडा घेऊन दिला आणि घरी आले.

पौर्णिमेला विहारात सगळ्यांबरोबर मी पंचशील म्हणते. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे आलं की मी आवाज बारीक करते. शेजारच्या बायकांना वाटतं माझा घसा बसला आहे. मुलगा म्हणतो, आई, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, तेव्हा तुझं वय काय होतं आणि तो माणूस कसा होता. त्याला मी सांगितलं आहे ते सगळं, म्हणजे इथवरचं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. बदलापूरच्या त्या घराच्या जागी बिल्डिंग झाली असं ऐकते आणि पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं. न पाठवायच्या पत्रात सगळं लिहिता येतं, म्हणून मुलालाही न सांगितलेलं आता लिहिते.

ते वाक्य साहेबांचं नव्हतं. साहेबांनी मला पत्राचा मजकूर सांगितलाच नाही. दोन वर्षं ज्यांनी मला एक स्वल्पविराम माझ्या मनानं टाकू दिला नाही, ते त्या दिवशी म्हणाले, "मुद्दा तुम्हाला माहीतच आहे. तुम्हीच लिहून आणा, बघू." मी बसले आणि लिहिलं. पहिल्यांदा साधं लिहिलं होतं, मग ते फाडून चांगलं लिहिलं. कंपन्यांना प्रती पाठवायचंही मलाच सुचलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, एका अक्षराला हात लावला नाही आणि सही करून म्हणाले, "उत्तम." मी कोणाच्या दबावाखाली नव्हते, टीचर, आणि रडले तर मुळीच नाही. त्या संध्याकाळी स्टेशनबाहेरून मी घरी गरम जिलबी नेली. आईनं विचारलं, कशाची गं? मी म्हटलं, साहेब आज पहिल्यांदा खूश झाले. आणि आम्ही सगळ्यांनी ती पोटभर खाल्ली.